हुमल्याचा फोटो आणि साडेसहाशे ग्रॅमची लेन्स

प्रश्न : नमस्कार ताई, मी कुडाळचा. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या रेसिपी चॅनलसाठी सोनीचा झेडव्ही-ई१० घेतला होता, १६-५० किट लेन्ससकट. चॅनल चार महिन्यांत बंद पडलं, बहिणीचं लग्न झालं आणि कॅमेरा माझ्याकडे राहिला. आता मला किड्यांचं वेड लागलंय. घरामागे काजूची झाडं आहेत, त्यावर हुमले (पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या), कोळी, चतुर सगळं असतं. किट लेन्सने हुमला काढला तर तो तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. मावसभावाने त्याची ५५-२१० पण वापरायला दिलीय, तिने लांबचे पक्षी बरे येतात पण जवळ गेलं की फोकसच होत नाही. सोनीची नवीन १०० एमएम जी मास्टर मॅक्रो आलीय, १.४ पट वगैरे, रिव्ह्यू बघून बघून झोप उडालीय. दुकानदार म्हणतो बसते, घेऊन टाका. मित्र म्हणतो एवढ्याशा कॅमेऱ्याला एवढं धूड लावलंस तर माउंट निखळून हातात येईल. दिवाळीपर्यंत पैसे जमतील. घेऊ का? नाही तर मग काय घेऊ?

उत्तर : आधी मित्राला सांगा, काही निखळत नाही. सोनीचा ई-माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते ती कडी, फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) आणि तुमच्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीला एकच आहे, त्यामुळे दुकानदार म्हणतो ते बरोबर, लेन्स बसेल, ऑटोफोकस चालेल, सगळं चालेल. वजनाचं म्हणाल तर तुमचा कॅमेरा बॅटरी-कार्डासकट ३४३ ग्रॅम आणि ती लेन्स ६४६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दुप्पट, पण आपण कॅमेऱ्याला लेन्स लावलीय असं न समजता लेन्सच्या मागे कॅमेरा लावलाय असं समजायचं, डाव्या हाताचा तळवा लेन्सच्या खाली, सगळा भार तिथे, आणि उजवा हात फक्त बटणापुरता. कॅमेरा गळ्यात लटकवून लेन्स खाली लोंबत ठेवून काजूच्या बागेतनं धावलात तर मात्र माझी गॅरंटी नाही.

पण "बसते" आणि "सूट होते" यात फरक आहे ना. बसायला काय, बैलगाडीला ट्रकचं चाकही बसवता येईल एखाद्याला.

मला स्वतःला विचाराल तर घेऊ नका. निदान या दिवाळीला नको. लेन्स भारीच आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही, २०२५ साली आलेली आहे आणि सोनीने आपलं सगळं कसब त्यात ओतलंय. पण लाखाच्या वरची लेन्स, आणि तुमचं जे काही अडतंय त्यातलं फार थोडं ती सोडवणार आहे.

घरातलं पाच रुपयांचं जुनं नाणं घ्या. ते २३ मिलीमीटरचं असतं. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलीमीटर. वन टू वन मॅक्रो म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर पडते, म्हणजे ते नाणं आडवं या कडेपासून त्या कडेपर्यंत बरोब्बर बसेल आणि वर-खाली कापलं जाईल. आता त्याच नाण्यावर हुमला चालतोय असं समजा. मोठा कामकरी हुमला ८ ते १० मिलीमीटरचा. म्हणजे वन टू वनला नुसतं अंगच फ्रेमच्या रुंदीच्या चाळीसेक टक्के, वर मिशा आणि पाय पसरलेले, फ्रेम भरलीच की. २४ मेगापिक्सेल आहेत, थोडं क्रॉप केलं तरी काही बिघडत नाही. १.४ पट हवं असतं ते कशाला, तर हुमल्याचा नुसता चेहरा, जबडे, डोळ्याची जाळी यासाठी. तिथे तुम्ही पोचाल, पण आज नाही. आज तुम्हाला अख्खा हुमला शार्प हवाय, आणि तोच मुळात अवघड आहे, कारण वन टू वनला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे जेवढी खोली शार्प येते ती, अर्धा-पाऊण मिलीमीटर. डोळा शार्प आला तर मागचा पाय गेला. त्यात काजूची फांदी वाऱ्यावर हलतेय आणि तुम्ही श्वास घेताय. ही अडचण कुठलीही लेन्स, कितीही पैशांची, सोडवत नाही.

दुसरं म्हणजे अंतर. मॅक्रो लेन्सवर जे मिनिमम फोकस लिहिलेलं असतं ना ते सेन्सरपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या तोंडापासून नाही, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. मी फसलेय. सोनीचीच एक छोटी ३० एमएम एफ ३.५ मॅक्रो आहे, २०११ पासूनची, १३८ ग्रॅम, तुमच्या कॅमेऱ्यावर दिसायला अगदी गोंडस. कागदावर मिनिमम फोकस साडेनऊ सेंटिमीटर. वाटतं, वा, बरंच की. त्यातनं लेन्सची लांबी आणि माउंटपासून सेन्सरपर्यंतचे १८ मिलीमीटर वजा करा, उरतात जेमतेम दोन सेंटिमीटर. मी ती एका मैत्रिणीकडून आणून उंबराच्या पानावरच्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्यावर लावली, तर आधी लेन्सची सावली त्याच्यावर पडली आणि मग तो उडी मारून थेट लेन्सच्या काचेवर येऊन बसला. फोटो नाही आला. हुमल्यांच्या बाबतीत तर विचारूच नका, तुम्ही कोकणातले आहात, तुम्हाला मी काय सांगणार, पानं शिवून केलेल्या घरट्याच्या दोन सेंटिमीटरवर तोंड नेलं की पुढचा अर्धा तास शर्ट झटकण्यात जातो. म्हणून ती गोंडस लेन्स बाद. दागिने, नाणी, टपाल तिकिटं, केकवरची सजावट यासाठी चांगली आहे, तुमच्या बहिणीला उपयोगी पडली असती.

याउलट सोनीची जुनी ९० एमएम एफ २.८ मॅक्रो जी, २०१५ ची, तिचा मिनिमम फोकस २८ सेंटिमीटर, आणि वन टू वनला लेन्सच्या तोंडापासून हुमल्यापर्यंत साधारण १३ सेंटिमीटर मिळतात. हुमला आपल्या वाटेने जातो, आपण आपल्या. हिचं वजनही ६०२ ग्रॅम आहे, पण हिच्यात ओएसएस आहे, म्हणजे स्टॅबिलायझेशन लेन्समध्येच. हे तुमच्यासाठी महत्त्वाचं, कारण झेडव्ही-ई१० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. मेनूत जे अॅक्टिव्ह वगैरे दिसतं ते फक्त व्हिडिओसाठी आणि ते इलेक्ट्रॉनिक. नवीन १०० मध्येही ओएसएस आहे, त्यामुळे त्या बाबतीत दोघी बहिणी. आता कुणी म्हणेल मग ९० घेऊ का? थांबा.

कारण तुमच्या घरात आत्ता जी ५५-२१० पडलीय ना, मावसभावाची, तीच तुमची मॅक्रो लेन्स आहे. तिच्यापुढे लावायची एक क्लोज-अप काच मिळते, रेनॉक्स डीसीआर-१५०. लेन्सच्या झाकणाला असते तसली दोन बाजूंना दाबायची क्लिप, दाबली की लेन्सच्या तोंडावर बसते. काही हजारांत काम होतं. ही ४.८ डायॉप्टरची (चष्म्याच्या नंबरासारखं काचेचं बळ) काच आहे, म्हणजे तिची स्वतःची फोकल लेंग्थ साधारण २०८ मिलीमीटर. गणित सोपंय : पुढे ही काच, मागे २१० ला झूम केलेली आणि अनंतावर फोकस केलेली लेन्स, २१० भागिले २०८, म्हणजे एक. वन टू वन झालं! आणि काचेपासून हुमल्यापर्यंत वीस सेंटिमीटर, म्हणजे त्या ९० पेक्षा सुद्धा जास्त लांब. ५५-२१० मध्येही ओएसएस आहे. वजन ३४५ ग्रॅम, कॅमेऱ्याएवढंच, तोल मस्त बसतो.

एक बारीक गोष्ट, हे कुणी सांगत नाही आणि मग पार्सल परत करावं लागतं. रेनॉक्सची क्लिप ५२ ते ६७ मिलीमीटरच्या लेन्सवर बसते आणि ५५-२१० चं तोंड आहे ४९ चं. त्यामुळे ४९ ते ५२ ची स्टेप-अप रिंग सोबतच मागवा, शे-दोनशेची वस्तू आहे. आणि झूम कमी केलात की कोपरे काळे पडतात, ते काचेचं खराब होणं नाही, ते तसंच असतं, झूम १५० एमएमच्या पुढे ठेवूनच वापरा.

याची मोठी बहीण डीसीआर-२५० पण आहे, ८ डायॉप्टरची. तिची फोकल लेंग्थ १२५, म्हणजे तुमच्या २१० वर १.७ पटीच्या जवळ. नवीन जी मास्टरच्या १.४ ला मागे टाकलं की! कोपऱ्यांची शार्पनेस तिच्याएवढी नाही, खोटं कशाला बोलू, पण हुमला कोपऱ्यात बसतो कुठे, तो मध्येच असतो. तरी सुरुवात १५० नेच करा. २५० ने अंतर बारा सेंटिमीटरवर येतं आणि हात इतका थरथरतोय असं वाटतं की डॉक्टरकडे जावं.

एक्स्टेन्शन ट्यूबचं, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायच्या पोकळ नळीचं, पण कुणीतरी सुचवेल तुम्हाला. मी एकदा ऑनलाइन स्वस्तातली घेतली होती, प्लास्टिकची, फोटोत धातूची दिसत होती. पहिल्या आठवड्यात लेन्स लोंबायला लागली, दुसऱ्या आठवड्यात कॉन्टॅक्ट जाऊन कॅमेरा म्हणायला लागला लेन्सच नाहीये, आणि तिसऱ्यात ती ट्यूब लेन्सला अशी अडकली की नवऱ्याने पक्कड आणली आणि मी ती त्याच्या हातातनं काढून घेतली. पैसे परत मिळाले नाहीत. शिवाय टेली झूमवर ट्यूबचा परिणाम फार कमी होतो, त्या लावायच्या तर छोट्या फोकल लेंग्थला. तुमच्यासाठी नको.

आता खरं अडतं कुठे ते सांगते. प्रकाश. तुमच्या कॅमेऱ्यात फ्लॅश नाही, पण वर हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच, आहे. काजूच्या झाडाखाली सकाळी नऊलाही किती अंधार असतो ते तुम्हाला माहितीय, आणि डेप्थसाठी एफ ११ वर गेलात (लेन्सचं भोक लहान केलंत) की शटर इतकं खाली येतं की सगळं पुसट. म्हणून लाखातले दहावा हिस्सा पैसे एका लहान फ्लॅशमध्ये घाला. दोन पेन्सिल सेलवर चालणारा गोडॉक्सचा टीटी३५० मिळतो, सोनीसाठीचा एस लिहिलेला बघून घ्या, नाही तर कॅनन-निकॉनचा गळ्यात पडतो. सेटिंग काही रॉकेट सायन्स नाही : मोड एम, शटर १/१६० (तुमच्या कॅमेऱ्याची फ्लॅश सिंक मर्यादा तेवढीच आहे), अॅपर्चर एफ ११ च्या आसपास, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ पासून सुरू करून बघत बघत वाढवा. फ्लॅशचा चमकारा इतका अल्प वेळ असतो की हात हलला, फांदी हलली, तरी फोटो थिजतो. म्हणून म्हणते, स्टॅबिलायझेशनपेक्षा फ्लॅश जास्त कामाचा.

पण उघडा फ्लॅश मारू नका. हुमल्याचं अंग गुळगुळीत, त्यावर पांढरा ठिपका येतो आणि बाकी काळंकुट्ट. प्रकाश मऊ करणारा डिफ्यूझर घरीच होतो. मी वापरते तो पॅकिंगमध्ये येणाऱ्या पातळ पांढऱ्या फोमच्या शीटचा आहे, ए४ कागदाएवढा तुकडा, फ्लॅशच्या डोक्याला रबर बँडने बांधलेला, पुढे टोपीच्या झापडीसारखा वाकवून लेन्सच्या तोंडाच्या पुढे येईल इतका लांब. हे "पुढे येईल इतका" महत्त्वाचं, कारण ५५-२१० झूम केल्यावर बाहेर येते आणि फ्लॅश मागेच राहतो, मग लेन्सचीच सावली हुमल्यावर. शेजारी हसतात. हसू द्या.

फोकसचं. ऑटोफोकस बंद करा, मॅन्युअल करा, अनंताला ठेवा आणि मग रिंगला हात लावायचा नाही. आपण पुढे-मागे डोलायचं, अगदी किंचित, हुमला शार्प दिसला की दाबायचं, तीन-चार फोटो एकदम. पीकिंग (जे शार्प आहे त्याच्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) चालू ठेवा, आणि त्याचा रंग पिवळा करा, लाल नको, हुमले स्वतःच लाल, मग कळत नाही पीकिंग कुठलं आणि मुंगी कुठली. तुमच्या कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडर नाही ही खरी गोची आहे, आणि याबाबतीत मी ज्या कुणाला झेडव्ही-ई१० वर मॅक्रो करताना बघितलंय त्या सगळ्यांची कुरकुर एकच असते, उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही. मेनूत मॉनिटर ब्राइटनेसला सनी वेदर म्हणून पर्याय आहे तो लावा, बॅटरी जास्त खातो, दुसरी ठेवा. नाही तर सरळ पहाटे जा. थंडीच्या दिवसांत सकाळी सातला किडे गारठलेले असतात, पंखांवर दव असतं, चतुर तर इतका स्वस्थ बसतो की तुम्ही चहा पिऊन आलात तरी तिथेच. स्क्रीन बाजूला वळते हा मात्र फायदा, जमिनीलगत पोटावर झोपावं लागत नाही.

फांदी हलत असेल तर डाव्या हाताने फांदी धरा आणि त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवा. फांदी आणि कॅमेरा दोन्ही एकत्र हलतात, आपसात हलत नाहीत. हुमल्यांच्या फांदीला हे करू नका, अर्थात.

एवढं करून एक पावसाळा आणि एक हिवाळा काढा. त्यानंतरही वेड टिकलं तर दोन रस्ते आहेत. ऑटोफोकस आणि व्हिडिओ दोन्ही हवं असेल तर ती ९० जी, वापरलेली, चांगल्या अवस्थेतली. घेताना फोकसची रिंग पुढे-मागे ओढून बघा, ती ओढली की ऑटोवरनं मॅन्युअलवर जाते, ती ढिली नको, आणि काचेत मोबाइलचा टॉर्च मारून बुरशीचे धागे आहेत का बघा. दुसरा रस्ता लाओवाची ६५ एमएम, खास एपीएस-सी मिररलेससाठी बनवलेली, ३३५ ग्रॅम, दोन पटीपर्यंत जाते. ही पूर्ण मॅन्युअल, कॅमेऱ्याला कळतच नाही काही लावलंय म्हणून, त्यासाठी मेनूत रिलीज विदाउट लेन्स चालू करावं लागतं, नाही तर शटर दबत नाही आणि माणूस लेन्स खराब निघाली म्हणून दुकानात जातो. दोन पटीला अंतर चार-पाच सेंटिमीटरच राहतं आणि स्टॅबिलायझेशन नाही. तरी तुमच्या बॉडीवर तोलाला, आकाराला, किमतीला सगळ्यात जुळणारी लेन्स मला तीच वाटते. पण रेनॉक्सवर हात बसल्याशिवाय नको, दोन पटीला हुमला फ्रेममध्ये शोधण्यातच सकाळ जाते.

आणि जी मास्टर? ती घ्याच, पण ज्या दिवशी बॉडी बदलाल त्या दिवशी. व्ह्यूफाइंडर असलेली, पावसाचे चार थेंब सहन करणारी. तुमच्या झेडव्ही-ई१० ला वेदर सीलिंग नाही, लेन्स कितीही सील असली तरी कुडाळच्या पावसात आधी कॅमेरा जाईल.

प्रश्न : माझ्याकडे निकॉन झेड५० आहे. निकॉनची नवीन डीएक्स ३५ एमएम एफ १.७ मॅक्रो कासच्या फुलांसाठी कशी? वजन कमी आहे म्हणून आवडलीय. – एक वाचक, सातारा

उत्तर : लेन्स छान आणि हलकी, रोजच्या वापराला एफ १.७ म्हणून घरातले, मुलांचे फोटोही निघतील, तुमच्या कॅमेऱ्यावर ती जन्मल्यापासून तिथेच असल्यासारखी दिसेल. पण ती खरी ०.६७ पट आहे, जाहिरातीत जे एक पट म्हणतात ते फुल फ्रेमच्या हिशोबाने. फुलांसाठी तेवढं पुरतं. अडचण वेगळीच आहे. तिचा मिनिमम फोकस सेन्सरपासून १६ सेंटिमीटर, म्हणजे फुलाच्या अगदी तोंडाशी जायला हवं, आणि कासला पायवाट सोडून आत जायचं नसतं, जाऊही नये. सीतेची आसवं वाटेच्या कडेला असतील तर येतील सुंदर, मागचा निळा-जांभळा गालिचा आणि आकाश सकट, कारण ३५ ला मागचं जग जास्त दिसतं. तीच फुलं वाटेपासून हातभर आत असली की ही लेन्स घरी ठेवून टेली झूम लावा. एका फोटोसाठी शंभर रोपांवर गुडघे टेकणारे लोक मी तिथे बघितलेत, कॅमेरा लाखाचा, गुडघ्याखाली दवबिंदू नावाच्या किडे खाणाऱ्या रोपांची अख्खी वस्ती.

प्रश्न : रत्नागिरीत लेन्सला बुरशी लागते. कपाटात कापूर ठेवू का?

उत्तर : कापूर नको, डांबरगोळ्या तर अजिबात नको, त्यांची वाफ काचेवर बसते. झाकणाला रबर असलेला घट्ट डबा घ्या, धान्याचा चालेल, आत सिलिका जेल आणि दीड-दोनशेचा हायग्रोमीटर. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहायला हवा, ३० च्या खाली सारखा राहिला तर रबर-ग्रीस सुकतं. लेन्स चामड्याच्या कव्हरात ठेवून कव्हर डब्यात ठेवू नका, बुरशीचं घर तेच आहे. जेलचे दाणे नारंगी रंगाचे घ्या, ओल धरली की हिरवे होतात, मग ओव्हनमध्ये शंभर-एकशेवीसवर दोनेक तास ठेवले की परत नारंगी. निळे दाणे मिळतात त्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नका. आणि लेन्स आठवड्यातनं एकदा तरी बाहेर काढा, उन्हात अंगणात तासभर काहीतरी टिपा, पडून राहिलेल्या लेन्सलाच बुरशी आधी धरते.